माहेबूरला चार दिवस राहण्यासारखं आहे का? (मॉरिशस, ऊस आणि इतर)

निवृत्त_शेतीसाहेब
नमस्कार मंडळी. लेकीने आम्हा दोघांची ऑगस्टमधली मॉरिशसची तिकिटं काढली आहेत. तिचा आग्रह असा की उत्तरेला ग्रां बे म्हणून ठिकाण आहे तिथे हॉटेलात राहा, सगळे तिथेच राहतात. मी नकाशा उघडून बसलो तर विमानतळापासून सहा-सात किलोमीटरवर, आग्नेय किनाऱ्याला माहेबूर नावाचं छोटं गाव दिसलं. खाडी, पूल, सरळ आखलेले रस्ते आणि चहूबाजूंनी हिरवं. ते हिरवं म्हणजे ऊस, एवढं नकाशावरूनही कळतं.

मी चौतीस वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या शेती खात्यात काढली. पाण्यात डुंबायची हौस दोघांनाही नाही, सौ.चे गुडघे दुखतात. मला तिथला ऊस बघायचा आहे. यावर सौ.चं म्हणणं, "जन्मभर ऊसच बघितलात, आता परदेशात जाऊनही ऊसच?"

तर प्रश्न असा: या गावात चार दिवस जातील का? सौ. पूर्ण शाकाहारी आहे, तिचं काय? आणि हंगाम चालू असतो का तेव्हा?

उंटावरचा_शहाणा
काकू माहेबूरला निघाल्या आणि काका सोबत? माहेरपणाला नवरा घेऊन जाणारी पहिलीच बाई.

टूरटूर_अनंत
काका, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. माहेबूर म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. म्युझियम बघा, बाजारात चक्कर मारा, पुढे चला. गावाला स्वतःचा धड किनाराही नाही, पोहायचं तर ब्लू बेला जावं लागतं. पाच-साडेपाचला दुकानांची शटर खाली. त्यात ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा, आग्नेयेचा वारा थेट त्याच किनाऱ्यावर आपटतो. लेकीचं ऐका.

मीनल_क्यूरपीप
मी नऊ वर्षं मॉरिशसमध्ये आहे, क्यूरपीपला. अनंत यांचं वाऱ्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या खाडीकाठी ओढणी सांभाळत चालावं लागतं. स्वेटर आणाच, आणि "उष्ण कटिबंधातलं बेट" या शब्दांवर विसंबू नका.

पण अर्ध्या दिवसाचं गाव? नाही पटलं. उच्चार आधी: फ्रेंचमध्ये माएबूर, क्रेओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत, जवळजवळ मायबूर. तेव्हा उंटावरचे साहेब, तुमचा विनोद क्रेओलमध्ये आणखी चांगला बसतो. वस्ती पंधरा-सोळा हजार. फ्रेंचांनी १८०४ च्या सुमारास आखून वसवलं म्हणून रस्ते काटकोनात, त्यामुळे चुकायची सोय नाही. सोमवारी आठवड्याचा बाजार भरतो. भाजी, कापड, लोणची, स्वस्त चपला, आणि आख्ख्या दक्षिणेकडची माणसं. काका, सोमवार पदरात पडेल असेच दिवस धरा. सोमवार हुकला तर अनंत बरोबर आणि मी चूक असं म्हणायची पाळी येईल.

बस स्टँड खाडीलगतच. पोर्ट लुई आणि क्यूरपीपला सरळ बस. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना बावचळायला होत नाही. हंगाम साधारण जून ते डिसेंबर. तुम्ही ऐन गाळपात येताय.

निवृत्त_शेतीसाहेब
मीनलताई, आभारी आहे. हंगाम चालू आहे म्हटल्यावर माझं ठरलं. सौ.ला अजून सांगितलेलं नाही.

जुनी_वही
त्या खाडीचा एक किस्सा सांगतो, म्हणजे म्युझियममध्ये गेल्यावर उगाच काचेची कपाटं बघत फिरायला नको.

ऑगस्ट १८१०. बेट फ्रेंचांकडे, इंग्रज ते घ्यायला टपलेले. माहेबूरसमोरच्या ग्रां पोर्टच्या खाडीत दोन्ही आरमारं भिडली. पाण्याखाली प्रवाळाचे कट्टे, वाट अरुंद. इंग्रजांची जहाजं त्या कट्ट्यांवर रुतली आणि चारही फ्रिगेटी, म्हणजे वेगवान युद्धनौका, गेल्या. दोन त्यांनी स्वतःच पेटवून दिल्या, दोन फ्रेंचांच्या हाती लागल्या. नेपोलियनच्या काळातला इंग्रजांविरुद्धचा फ्रेंचांचा एवढा एकच मोठा आरमारी विजय. पॅरिसच्या विजयकमानीवर ग्रां पोर्टचं नाव कोरलेलं आहे.

मला आवडतो तो भाग पुढचा. दोन्ही बाजूंचे सेनापती, इंग्रजांचा विलोबी आणि फ्रेंचांचा द्युपेरे, जखमी झाले, आणि दोघांना उपचारासाठी आणलं एकाच घरात. तेच घर आज म्युझियम आहे. गावाबाहेर विमानतळाच्या रस्त्यावर, झाडीत.

नोव्हेंबर संपता संपता इंग्रज मोठी फौज घेऊन उत्तरेकडून उतरले. हिंदुस्थानी शिपाईही त्यात होते. डिसेंबरच्या सुरुवातीला बेट घेतलं, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, रीतिरिवाज आणि धर्म तसेच ठेवायचं कबूल केलं. म्हणून दीडशेहून जास्त वर्षं इंग्रजांनी राज्य करूनही लोक आज क्रेओल आणि फ्रेंच बोलतात.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे लढाई जिंकली ऑगस्टमध्ये, बेट गेलं डिसेंबरमध्ये, आणि कमानीवर नाव कोरलं ते कोरलंच. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची आठवण झाली.

शिवतेज_९६
मॉरिशस म्हणजे छोटा महाराष्ट्रच आहे हे कोणी का सांगत नाही? तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात. काकांनी अभिमानाने मराठीतच बोलावं. सगळ्यांना समजतं.

मीनल_क्यूरपीप
शिवतेज, सुट्टी आहे, शाळेत मराठीही आहे. पण माहेबूरच्या बाजारात "ताई, वांगी कशी दिली?" असं विचाराल तर बाई तुमच्याकडे बघतच राहील. भारतीय वंशाच्या लोकांमध्ये भोजपुरी मुलखातून आलेले सर्वांत जास्त, मग तमिळ, तेलुगू. मराठी मंडळी लोकसंख्येत अगदी थोडी, आणि तीही जास्त करून पश्चिमेला आणि मधल्या पठाराकडे, कास्कावेल, व्हाक्वा या बाजूला. बहुतेकांच्या घरात आता क्रेओलच बोलतात. आरती मात्र तोंडपाठ, आणि आपल्याइतकीच बेसूर.

कोकणी_बाल्या
अवांतर होतंय तरी लिहितो. आमच्या रत्नागिरीकडची माणसं मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली. कलकत्ता-मद्रासच्या मानाने थोडी, पण गेली. आणि जाताना जाखडी नाच घेऊन गेली. तिकडे तिला झाकरी म्हणतात. गणपतीत गोल धरून, ढोलकीवर, पायाचा तोच ठेका. मी मोबाईलवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा आवाज बंद होता. मला वाटलं आमच्याच वाडीतलं चित्रीकरण, फक्त शर्ट जरा भारी. आवाज लावला तर शब्द अर्धे ओळखीचे, अर्धे कोणास ठाऊक कुठले.

आडनावांची गंमत वेगळीच. नोंदवहीत बापाचं किंवा स्वतःचं नुसतं नाव लिहिलं गेलं, तेच पुढे आडनाव झालं. त्यामुळे आमच्याकडच्या कुळाशी धागा जोडायला गेलं की पंचाईत. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरं जपली आहेत, फोटोसकट.

जुनी_वही
बाल्या, फोटोंचं कारण मात्र प्रेमाचं नाही हो. मजूर मळा सोडून कुठे फिरकला तर पकडता यावा म्हणून १८६० च्या दशकात त्याच्या पासावर फोटो लावायला सुरुवात झाली. त्याच कागदावर आज पणतू पणजोबाचा चेहरा बघतो.

गुलामगिरी १८३५ मध्ये बंद झाली, त्याच्या आदल्या वर्षीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, ॲटलस जहाजातून करारावरचे ३६ मजूर पोर्ट लुईला आले. पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांवर माणसं त्या धक्क्यावर उतरली. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना ५ रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. दुहेरी कपात म्हणायचे.

आष्टीचा_पोरगा
बराच वेळ वाचत होतो, लिहायचं नव्हतं. पण दुहेरी कपात वाचून लिहितोय.

आम्ही आष्टीचे, बीड जिल्हा. आई-आबांनी एकोणीस हंगाम ऊसतोड केली, सांगली-कोल्हापूरकडं आणि दोनदा कर्नाटकात. त्याला खाडा म्हणतात साहेब. एक कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. आई तापानं पडली की दिवसाची मजुरी तर जायचीच, वर मुकादम खाड्याचे पैसे उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेतून, धरायचा. उचल दसऱ्याआधी घेतलेली, फिटायची कधी पाडव्याला, कधी फिटायचीच नाही. मग पुढच्या साली तीच वही. दोनशे वर्षांपूर्वीच्या बेटावरचं ऐकून तुम्हाला वाईट वाटतंय, आम्हाला ओळखीचं वाटतंय.

काका, राग मानू नका, तुम्ही शेती खात्यात होता म्हणजे टोळ्या तुम्हीच लावल्या असणार.

निवृत्त_शेतीसाहेब
राग कशाचा, बाळा. लावल्या. खाड्याचा व्यवहार मुकादम आणि टोळी यांच्यातला, आमच्या कागदावर तो येत नाही, असं आम्ही म्हणायचो. कागदावर येत नाही हे माहीत होतं म्हणजे खाडा होतो हेही माहीत होतं. याहून जास्त लिहिण्याचा मला अधिकार नाही.

फरसाण_सम्राट
वातावरण जड झालंय, म्हणून खाण्याकडे येतो. काकूंची सोय उत्तम आहे. तिकडचं राष्ट्रीय खाणं म्हणजे धोल पुरी: वाटलेली पिवळी डाळ भरून लाटलेली मऊ, पातळ पोळी. पुरणपोळीची बिनगुळाची बहीण समजा. दोन-दोनच्या जोडीनेच विकतात, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीची चटणी, वर कागदाची गुंडाळी. गातो पिमा म्हणजे सरळ सरळ डाळवडा. फराता म्हणजे पराठा. आलुदा म्हणजे फालुदा. निम्मे शब्द आपलेच, फक्त समुद्राची हवा लागलेली.

माहेबूरची खरी चीज वेगळी. पुलापलीकडे व्हिल नुवार म्हणून वस्ती आहे, तिथे १८७० पासून एका घराण्याचा बिस्किटांचा छोटा कारखाना आहे. मॅनिऑकची बिस्किटं. कंद किसायचा, पिळायचा, सुकं पीठ चाळायचं, साच्यात चमच्याने घालायचं आणि तापल्या तव्यावर भाजायचं. सगळं हाताने. खोबरं, कस्टर्ड, बडीशेप अशा चवी. चहाबरोबर खा, नुसतं खाल्लं तर तोंडात वाळवंट. आणि तव्याखाली जाळ कशाचा माहितीये? उसाच्या वाळक्या पानांचा.

निवृत्त_शेतीसाहेब
पाचटाचा जाळ! अहो, पाचट भसकन पेटतं आणि विझतं. त्यावर एकसारखा तवा तापवायचा म्हणजे जाळ घालणारा माणूस कसलेला हवा. हे बघायचंच.

गृहिणी_ऑनलाइन
मॅनिऑक म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तोच कंद ना? मग ही बिस्किटं उपासाला चालतील?

उंटावरचा_शहाणा
धागा मार्गी लागला. आता शंभरी नक्की.

फरसाण_सम्राट
पिठात गहू नाही. साखर तिथलीच. बाकीचा निर्णय सासूबाईंचा.

मीनल_क्यूरपीप
पाचटाचा विषय निघालाच आहे तर २०२० चं सांगते.

२५ जुलैला वाकाशियो नावाचं मोठं मालवाहू जहाज माहेबूरच्या दक्षिणेला पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर चढलं. रिकामं होतं, पण टाक्यांत इंधन तेल. बारा दिवस ते तिथे उभं, लोक किनाऱ्यावरून फोटो काढत होते. ६ ऑगस्टला तेल बाहेर यायला लागलं. सुमारे १००० टन गेलं समुद्रात.

आम्ही मित्रमंडळी शनिवारी माहेबूरच्या धक्क्यावर गेलो. वास गावात शिरायच्या आधीच आला, डांबर घालायच्या रस्त्यासारखा. धक्क्यावर ट्रक उसाचं पाचट रिकामं करत होते. बायका जमिनीवर बसून जाळीच्या कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवत होत्या, आम्ही त्यात पाचट कोंबायचो. तरंगाव्यात म्हणून प्लास्टिकच्या बाटल्या बांधायच्या. सलूनवाल्यांनी केसांची पोती पाठवली होती, केस तेल धरतात म्हणून. मग पन्नास-साठ जणांनी ती अजगरासारखी वळकटी खांद्यावर घेऊन पाण्यात न्यायची. पाचटाने हात कापतात हे मला त्या दिवशी कळलं. शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या दोन्ही मुठींनी ठासून भरायच्या आणि माझ्या पिशवीकडे बघून मान हलवायच्या.

सरकार म्हणालं, हे तज्ज्ञांवर सोडा, घरी जा. कोणी गेलं नाही. १५ ऑगस्टला जहाज मधोमध तुटलं. सप्टेंबरमध्ये याच गावात मोठा मोर्चा निघाला. एवढ्याशा माहेबूरात तेवढी माणसं मी पुन्हा बघितली नाहीत.

अनंत, अर्ध्या दिवसाचं गाव म्हणालात ना, म्हणून एवढं लिहिलं.

टूरटूर_अनंत
शब्द मागे घेतो. वारा मात्र मागे घेत नाही.

पक्षीमित्र_नाशिक
पॉइंट देस्नीच्या समोरच ईल ओ एग्रेत नावाचं जेमतेम पंचवीस-सव्वीस हेक्टरचं बेट आहे, मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. गुलाबी कबूतर बघा. १९९० च्या सुमारास जंगलात दहाच्या आसपास उरली होती, आता चारशेच्या पुढे आहेत.

आणि डोडो! १८६५ मध्ये डोडोची हाडं पहिल्यांदा ढिगाने सापडली ती माहेबूरच्या एका शाळामास्तरामुळे, जॉर्ज क्लार्क. आजच्या विमानतळाजवळ मार ओ साँज नावाची दलदल आहे, तेव्हा उसाच्या मळ्यातली. क्लार्कने माणसं कमरेएवढ्या चिखलात उतरवली आणि अनवाणी पायांनी चाचपून हाडं शोधायला लावली. जगातल्या बहुतेक म्युझियममधले डोडोचे सांगाडे त्या पायांना लागलेल्या हाडांतून उभे राहिले आहेत. त्या माणसांची नावं मात्र कुठे वाचली नाहीत.

आष्टीचा_पोरगा
नावं कागदावर येत नाहीत.

वाटाड्या
वाचनखुणेसाठी पोच. काका, गेलात की वृत्तांत टाका.

निवृत्त_शेतीसाहेब
मंडळी, परत आलो. धागा वर काढतो. उशिरासाठी क्षमस्व, सर्दी घेऊन आलो. अनंतराव, वाऱ्याबाबत तुम्ही जिंकलात.

चार दिवसांचे पाच केले. घर भाड्याने मिळालं, धक्क्यापासून दोन गल्ल्या आत. सकाळी सहाला उसाचा पहिला ट्रक कोपऱ्यावरून जायचा, मी खिडकीत. सौ. म्हणायची, "काटा करून घ्या."

ऊस. उभा ऊस चांगला, खोडवे (तोडलेल्या बुडख्यातून फुटणारं पीक) आपल्यापेक्षा जास्त वेळा घेतात, पाचट जाळत नाहीत, सरीतच पसरतात. साखरेचा उतारा दहा टक्क्यांच्या आसपास. आमच्या कोल्हापूरचा बारा, हे मी तिथे दोघांना सांगितलं, दोघांनीही दाद दिली नाही. एकोणिसाव्या शतकात बेटावर अडीचशेवर कारखाने होते, आता तीनच. एक या गावाच्याच बाजूला आहे, चिपाडावर वीजही करतो. आत जाता आलं नाही, परवानगी आधी काढावी लागते. बाहेर वजनकाट्याच्या रांगेत अर्धा तास उभा राहिलो, तेवढ्यात जीव निवाला. मळीचा वास तोच.

युरोप जास्त भावाने साखर घ्यायचा तोवर बरं चाललं. २००६ पासून तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, तिथून लहान शेतकऱ्याने जमीन पडीक टाकायला सुरुवात केली. एका चहावाल्याने दाखवलं: उसाच्या मधोमध दाट झुडपाचा चौकोन. "मुलगा हॉटेलात आहे," एवढंच म्हणाला. आमच्या गावात मुलगा पुण्यात असतो.

पण लिहायचं आहे ते दगडांबद्दल. प्लेन मान्यँकडे जाताना उसात काळ्या धोंड्यांचे प्रचंड ढीग दिसले, काही तर पायऱ्या-पायऱ्यांचे, देवळाच्या जोत्यासारखे. लोक त्यांना पिरॅमिड म्हणतात. ज्वालामुखीची जमीन, फाळाला दगड लागायचा. एकेक धोंडा हाताने उचलून रचलाय. मी जवळ जाऊन बघितलं. खालचे मोठे, वरचे लहान, फटींत चिप बसवलेली. नुसतं फेकून दिलेलं काम नाही ते. आता यंत्राने तोडणी करायची म्हणून हे ढीग मोडून रान सपाट करत चाललेत.

आष्टीच्या बाळा, तिथे तुझी आठवण आली. एका ढिगाचा फोटो काढलाय, व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

मीनलताई, सोमवार साधला. सौ.ने बाजारात एका शब्दाचीही ओळख नसताना कोथिंबीर घासाघीस करून घेतली.

आष्टीचा_पोरगा
फोटो मिळाला काका. आईला दाखवला. म्हणाली, "बांधाचं काम हाय, चांगलं रचलंय."

गृहिणी_ऑनलाइन
सगळं झालं, पण बिस्किटं उपासाला चालली का ते राहिलंच!

निवृत्त_शेतीसाहेब
संकष्टीला पुडा फोडला. सौ. म्हणाली चालतात. चंद्रोदयापर्यंत एकही उरलं नाही. आणि हो, तव्याखाली पाचटच होतं. जाळ घालणाऱ्या बाई मूठमूठ सारत होत्या, बोलताना नजर तव्यावरून हलत नव्हती.